स्टिरिओ आणायला निघण्याआधी

आधी टेप काढा आणि खोली मोजा. १० बाय १२ च्या खोलीत स्पीकर आणि कान यांच्यात जेमतेम ६-७ फूट उरतात. तेवढ्यासाठी जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर घेतले तर पैसे देऊन नुसता घुमणारा बेस घरात आणाल. ५ ते साडेसहा इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणारा मोठा भाग) छोटे बुकशेल्फ स्पीकर पुरतात, डग्ग्याचा घुमारा त्यांत व्यवस्थित येतो. ते ठेवणार कुठे, हेही आत्ताच ठरवा: दोघांमधलं अंतर साधारण तुमच्या बसण्याच्या अंतराइतकं, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला, मागच्या भिंतीपासून हातभर जागा. एक टीव्हीशेजारी आणि दुसरा कपाटावर अशीच सोय होणार असेल, तर एखादा बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि मोकळे व्हा.

मग पैसे. ३० हजार असतील तर निम्म्याहून जास्त स्पीकरवर घाला. ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) बदलून पडणारा फरक त्यापुढे किरकोळ असतो, दुकानदार काहीही म्हणो.

वॉटच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. खोक्यावरचा पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा, फुगवलेला) आकडा वाचूच नका. आरएमएस (सतत देता येणारे वॉट) किती, किती ओहमला (स्पीकरचा विद्युत अडथळा) आणि किती डिस्टॉर्शनला (आवाजातली विकृती), एवढं विचारा. तळहाताएवढ्या क्लास-डी (कमी तापणाऱ्या जातीच्या) ॲम्पवर ३०० वॉट छापलेलं असलं, तर ते बहुधा ४ ओहमला आणि १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेलं असतं. ८ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ वॉट त्याहून बरेच कमी मिळतात, तरी घरात ते पुरून उरतात. हिशेब सोपा आहे. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल असेल, तर १ वॉटला १ मीटरवर ८६ आणि १० वॉटला ९६. त्यापुढे दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात. म्हणजे ५० ऐवजी १०० वॉटचा ॲम्प घेऊन कानाला मिळतात ते फक्त ३ डेसिबल.

जुन्या मालाकडे ओढा असेल (सोनोडाइन, कॉस्मिक ही जुनी देशी नावं ऐकून ज्यांचे डोळे चमकतात त्यांच्यासाठी), तर वस्तू वाजवून पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. जाळी काढून वूफरच्या कडेचा फोम बोटाने चाचपा, दमट हवेत तो भुगा होतो. कोन (वूफरचा हलणारा पडदा) दोन्ही बाजूंनी हलके दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) गेली समजा. व्हॉल्यूमची खरखर साफ करून जाते, एका चॅनेलची (डाव्या किंवा उजव्या बाजूची) गुणगुण तशी जात नाही.

गाणी फोनमधून किंवा लॅपटॉपमधून येणार, तर वेगळ्या महागड्या डॅकची (डिजिटल गाण्याचा ॲम्पला कळेल असा सिग्नल करणारं यंत्र) घाई नको. लॅपटॉपला ॲपलचा यूएसबी-सी ते हेडफोन डोंगल (त्यात छोटा डॅक असतोच) लावला तरी काम उत्तम होतं. काही अँड्रॉइड फोनवर मात्र त्याचा आवाज बारीक येतो.

वायर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते. शुद्ध तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची, दोन पदरी घ्या. टोक खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. जाड, विणलेल्या, सोनेरी टोकांच्या वायरी ज्यांना भेट द्यायच्या असतील त्यांनी घ्याव्यात.

जोडताना लाल लालला, काळा काळ्याला. जुन्या स्पीकरच्या खुणा पुसल्या असतील तर ॲम्पला जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: कोन बाहेर आला की सेलचं धन टोक ज्या टर्मिनलला लागलं तेच लाल. एक उलटा लागला तर बेस गायब होतो, आणि लोक बिचाऱ्या ॲम्पला दोष देतात. शेवटी एखादं जुनं मोनो नाट्यगीत लावा. गळा दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. एका बाजूला सरकला तर आधी बॅलन्सचं बटण बघा, मग वायर अदलाबदल करून बघा.

आणि खोकी, थर्माकोलसकट, परतीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. तक्रार केली की पहिल्यांदा तीच मागतात.