पॉलिसीचा कागद हातात आला की कुठून वाचायला सुरुवात करायची

पॉलिसी घरी आली की बहुतेक जण नाव बरोबर आहे ना, रक्कम किती, हप्ता किती एवढं बघतात आणि फाइलला लावून मोकळे होतात. मी बरीच वर्षं ओळखीच्यांना हे कागद वाचून देतोय आणि मला मनापासून वाटतं की विमा अवघड नाहीये, त्यातले दहा-बारा शब्द कुणी नीट सांगितलेले नसतात, आणि नेमके तेच शब्द क्लेमच्या वेळी आपले पैसे कापतात.

आधी विमा म्हणजे काय ते आकड्यातच बघू. समजा १००० घरं आहेत, प्रत्येकाची किंमत १० लाख, आणि वर्षाला त्यातलं साधारण एक जळतं. कुठलं जळणार ते कुणालाच माहीत नाही, पण प्रत्येकाने १००० काढले की १० लाख जमतात आणि ज्याचं जळलं त्याचं घर परत उभं राहतं. झालं, हाच विमा. आपण जे भरतो तो प्रीमियम म्हणजे हप्ता, त्यात कंपनीचा खर्च आणि नफा धरलेला असतो म्हणून तो १००० पेक्षा जास्त येतो. वर्षभर काही झालं नाही म्हणून "पैसे वाया गेले" असं लोक म्हणतात, ते वाया गेलेले नसतात, ते दुसऱ्याच्या जळलेल्या घराला लागलेले असतात. आयुर्विम्यात हप्ता वयावर का ठरतो तेही यातच आलं, कुठल्या वयाला किती माणसं दगावतात याचा तक्ता एडमंड हॅली यांनी १६९३ मध्येच ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून केला होता (धूमकेतूवाले हॅली, तेच), आजचे अ‍ॅक्चुअरी (विमा कंपनीत जोखमीचा हिशेब मांडणारे तज्ज्ञ) मुळात तेच काम करतात.

आता कागद उघडा. पहिलं पान शेड्यूल, त्यात तुमचं नाव, तारखा, सम इन्शुअर्ड म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती देईल ती मर्यादा. मर्यादा हा शब्द लक्षात ठेवा, कारण घराच्या, गाडीच्या, आजारपणाच्या विम्यात तेवढे पैसे मिळतीलच असं नसतं, जेवढं नुकसान तेवढीच भरपाई, विम्यातून फायदा काढता येत नाही. आयुर्विम्यात मात्र माणसाची किंमत करता येत नाही म्हणून ठरलेली रक्कम पूर्ण मिळते.

शेड्यूल झालं की फायद्यांच्या पानावर जाऊ नका, थेट व्याख्या आणि एक्सक्लुजन, म्हणजे कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत ती यादी वाचा. "अपघात", "पूर", "आधीपासूनचा आजार" हे शब्द आपण बोलताना वापरतो तसे तिथे नसतात, कंपनीने लिहिलेला अर्थच चालतो, पाइप फुटून घरात पाणी साचलं तर ते आपल्यासाठी पुरासारखंच पण पॉलिसीत त्याचं कलम वेगळं असू शकतं. त्याच भागात वेटिंग पिरियड सापडेल, पॉलिसी सुरू झाल्यावर काही आजारांसाठी ठरावीक काळ थांबावं लागतं, त्या काळात हप्ता चालू पण त्या आजाराचं संरक्षण नाही.

डिडक्टिबल आणि को-पेमेंट यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डिडक्टिबल म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम आपल्या खिशातून, को-पेमेंट म्हणजे बिलाचे ठरलेले टक्के आपले. बिल १ लाख, डिडक्टिबल १० हजार, को-पेमेंट २० टक्के असेल आणि आधी डिडक्टिबल काढलं तर ९० हजाराचे ८० टक्के म्हणजे ७२ हजार मिळतील, पण आधी टक्के कापले तर ८० हजारातून १० गेले, ७० हजार. बिल तेच, आकडे तेच, नुसता क्रम बदलला आणि २ हजार गेले, म्हणून क्रम कुठला ते विकणाऱ्याला आधीच विचारा आणि लेखी घ्या.

अंडरइन्शुरन्स हा आणखी एक. हप्ता कमी यावा म्हणून २० लाखाच्या घराचा विमा लोक १० लाखाचा काढतात आणि समजतात की ४ लाखाचं नुकसान झालं तर ४ मिळतीलच, १० च्या आतच आहे ना. पण पॉलिसीत अ‍ॅव्हरेजचं कलम असेल तर कंपनी म्हणते अर्ध्या घराचा विमा तर अर्धंच नुकसान, म्हणजे २ लाख.

प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा घेताना द्यायचा अर्ज, स्वतः भरा, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. एका ओळखीच्या काकांचा फॉर्म एजंटने भरला, ब्लडप्रेशरची गोळी चालू असताना त्या चौकटीत "नाही" अशी टिक आणि खाली काकांची सही, नंतर अ‍ॅडमिट झाले तेव्हा कंपनीने तेच पान पुढे केलं. विम्यात दोन्ही बाजूंनी खरं सांगायचं हे तत्त्व १७६६ च्या एका इंग्लिश खटल्यापासून ठळकपणे मांडलं गेलंय, आणि आजही बऱ्याच देशांत माहिती लपवली असं ठरलं तर क्लेम अडू शकतो. टिक कुणीही केली तरी सही तुमची असते.

बाकीचे पटकन: रायडर म्हणजे जास्त पैसे देऊन जोडलेलं जादा संरक्षण, एन्डॉर्समेंट म्हणजे चालू पॉलिसीतला लेखी बदल, ग्रेस पिरियड म्हणजे हप्ता चुकल्यावर मिळणारे थोडे दिवस, तेही गेले की पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद पडते. नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हातात द्यायचे तो, तो कायद्याने मालक होतो का हे प्रत्येक देशात वेगळं आहे, पण लग्न, घटस्फोट, मृत्यू असं काही घरात झालं की नाव बदलून घ्या.

आणि क्लेम नाकारलाच तर फोनवरचं "होणार नाही" मान्य करू नका. कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा, ते कलम आणि त्यातल्या शब्दांची व्याख्या अशी दोन्ही पानं शेजारी ठेवून एकेक शब्द ताडून बघा, आणि जुळत नसेल तर तेवढंच वाक्य लिहून तक्रार करा.