जुन्या स्पोर्ट्स कारने शिडाची होडी ओढून नेताना या चुका टाळा

विदर्भाला समुद्रकिनारा नसला तरी शिडाची छोटी होडी चालवण्याजोगे पाणी येथे भरपूर आहे. पवनीजवळचे गोसीखुर्द, मोर्शीजवळचे अप्पर वर्धा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील इटियाडोह, रामटेकचा खिंडसी तलाव आणि भंडारा-गोंदियाकडचे असंख्य मामा (माजी मालगुजारी) तलाव पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेले असतात. ज्यांच्याकडे होडीबरोबर जपून ठेवलेली एखादी जुनी स्पोर्ट्स कारही आहे, त्यांना हे दोन्ही छंद एकाच रविवारी जुळवून आणावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि नीट तयारी केली तर ते जमतेही.

या लेखात उदाहरणादाखल १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आणि एकट्याने चालवायची लेझर वर्गाची होडी घेतली आहे. या होडीची लांबी सुमारे ४.२ मीटर आणि रिकाम्या सांगाड्याचे वजन ५९ किलो असते. डोलकाठी, शीड, पाण्यात उतरवण्याची हातगाडी आणि रस्त्यावरचा ट्रेलर धरून सगळा भार दोनशे-अडीचशे किलोंच्या आसपास जातो. ब्रिटनमध्ये स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी गाडीच्या वजनाच्या निम्मे किंवा ७५० किलो, यांपैकी जे कमी असेल ते, अशी मर्यादा आहे. नऊशे किलोंहून अधिक वजनाच्या एमजीबीला आपला भार त्या मर्यादेच्या बऱ्याच आत राहतो. म्हणूनच इंजिनाला तो फारसा जाणवत नाही, आणि बहुतेक चुका या न जाणवण्यातूनच होतात. ओढण्याची ताकद हा येथे प्रश्नच नाही. थांबणे, दिवे, उष्णता आणि जोड हे खरे प्रश्न आहेत.

नोंदणी न तपासता टो-बार (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे लावायची पट्टी) बसवणे

ही चूक पहिल्याने सांगतो, कारण ती झाली तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनाला तिच्यानुसार ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. ट्रेलर जोडून धरणावर सहलीला जाणे त्यात बसत नाही. तुमच्या गाडीवर ‘व्हीए’ क्रमांक असेल तर होडी दुसऱ्या गाडीने न्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. गाडी सर्वसाधारण नोंदणीवर असेल आणि पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण वेळोवेळी झालेले असेल, तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

ट्रेलर हेदेखील कायद्याच्या दृष्टीने वाहनच आहे. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तो बांधायला टाकण्याआधी आरटीओ कार्यालयात नोंदणीची आणि विमा कंपनीकडे संरक्षणाची चौकशी करावी; बांधून झाल्यावर केलेल्या चौकशीचा उपयोग होत नाही.

जोड चुकीच्या जागी, चुकीच्या उंचीवर

एमजीबीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची घडण हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे टो-बार केवळ बंपरच्या पट्ट्यांना अडकवला तर पत्रा हळूहळू फाटत जातो, आणि ते डिकीच्या गालिच्याखाली होत असल्याने दिसतही नाही. टो-बारचा ताण दोन्ही बाजूंच्या लांब तुळयांवर जाड पट्ट्या देऊन पसरवावा आणि तो बोल्टनेच बसवावा. वेल्डिंगला ठाम नकार द्यावा, कारण या गाडीची पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखालीच आहे. शिवाय बोल्ट काढले की गाडी पुन्हा मूळ रूपात येते.

दुसरी बाब उंचीची. आपल्याकडचे मिस्त्री ट्रेलर बांधताना डोळ्यांसमोर जीप किंवा बोलेरो धरतात. तसा ट्रेलर या बुटक्या गाडीला जोडला की त्याचे नाक खाली झुकते आणि खेड्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर जोड रस्त्याला घासतो. जोडलेला ट्रेलर जमिनीला समांतर दिसला पाहिजे. जोडाखाली सुरक्षेच्या दोन साखळ्या एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे कपलर (टो-बारच्या गोळ्यावर बसणारे ट्रेलरच्या दांड्याचे टोक) निसटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर तोलला जाईल.

गाडी चाळीसच्या पुढे गेली की ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावू लागतो, ही तक्रार नेहमीची आहे आणि तिचे कारण बहुधा मागे सरकलेले वजन हे असते. जोडावर येणारा भार एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे आपल्या ट्रेलरसाठी साधारण १२ ते २० किलो असावा. कापूस किंवा धान्य तोलायचा ताणकाटा दांड्याला लावून तो पाच मिनिटांत मोजता येतो. भार कमी भरला तर होडी पुढे सरकवावी. पुढच्या भागात दगड भरून तात्पुरते भागवू नये. हेलकावे सुरू झालेच तर जोरात ब्रेक दाबू नये आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करायलाही जाऊ नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी आपोआप मंद होऊ द्यावी.

दिव्यांची जोडणी नव्या गाडीसारखी करणे

याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण अनुभवी इलेक्ट्रिशियनही येथे फसतात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणजे आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. बाजारात मिळणारे ट्रेलरचे एलईडी दिवे ऋण टोक बॉडीला आहे असे गृहीत धरून बनवलेले असतात. ब्रेक, इंडिकेटर आणि टेल यांना एकच सामाईक तार असलेला असा दिवा या गाडीला जोडला तर तो लागतच नाही. त्यावर उपाय म्हणून कोणी त्याला वेगळी बॅटरी किंवा उलटी जोडणी दिली आणि दिव्याचे धातूचे कवच ट्रेलरच्या लोखंडाला टेकलेले असले, तर जोडामार्फत दोन विरुद्ध टोके एकत्र येऊन शॉर्ट सर्किट होऊ शकते. जळलेल्या तारेचा वास येईपर्यंत ते कळतही नाही, कारण बॅटऱ्या सीटच्या मागे असतात. साधे फिलामेंटचे बल्ब ध्रुव पाहत नाहीत. अशा गाडीच्या ट्रेलरला तेच लावावेत. अर्थिंगसाठी जोडाच्या गोळ्यावर विसंबू नये, कारण गोळ्याला ग्रीस लावलेले असते. सात पिनांच्या सॉकेटमधून स्वतंत्र तार ओढून घ्यावी.

बल्ब वाढले की जुन्या स्विचांवरचा भारही वाढतो. सुरुवातीच्या एमजीबींचा ब्रेक-लाइट स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो आणि तो २१ वॅटच्या दोन बल्बांपुरता आहे. ट्रेलरचे आणखी दोन बल्ब थेट जोडले की प्रवाह सुमारे ७ अँपिअरपर्यंत जातो आणि स्विचचे संपर्क-बिंदू जळू लागतात. मग एके दिवशी ट्रेलरचेच नव्हे, तर गाडीचेही ब्रेक-लाइट लागेनासे होतात, आणि मागून कापसाने भरलेला ट्रॅक्टर येत असतो. ट्रेलरच्या दिव्यांना रिलेमार्फत (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत) बॅटरीतून स्वतंत्र पुरवठा द्यावा आणि त्यावर फ्यूज ठेवावा. इंडिकेटरची लय बिघडत असेल तर कारण तेच आहे: जुना फ्लॅशर दोन बल्बांच्या भारावर बेतलेला असतो. डायनामोच्या (बॅटरी भरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनित्राच्या) गाड्या इंजिन मंद फिरत असताना बॅटरी भरत नाहीत, म्हणून अंधारात ट्रेलर ओढण्याचा बेत मुळातच करू नये. कापसाच्या हंगामात संध्याकाळनंतर या रस्त्यांवर दिवे नसलेल्या बैलबंड्या असतात, हे त्याचे दुसरे आणि अधिक मोठे कारण आहे.

ब्रेक आणि उष्णता

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. त्याचे वजनही गाडीच्याच ब्रेकने थांबवायचे आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि वर्षभरात मोजके किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ते बदलायचे राहून जाते. हंगाम सुरू होण्याआधी ते बदलावे, मागील ड्रम उघडून पाहावेत आणि वेग ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या पुढे नेऊ नये. येथील बहुतेक रस्ते सपाट असल्याने घाटाची चिंता करण्याचे कारण नाही.

उष्णतेची चिंता मात्र करावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा या गाडीने ट्रेलर ओढूच नये. ऑक्टोबरमधल्या दुपारीही रेल्वे फाटकाशी पंधरा मिनिटे थांबल्यावर इंजिन सुरू होऊन लगेच अडखळते, असा अनुभव येतो. एमजीबीच्या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. गाडी उभी राहिली की खालची धग वर जाते आणि पेट्रोलची वाफ होते. मागील बाजूचा इलेक्ट्रिक पंप सतत टकटकत राहिला तर वाफेचे हे निदान जवळजवळ पक्के समजावे. अशा वेळी स्टार्टर मारत राहून बॅटरी उतरवू नये. बॉनेट उघडून गाडी सावलीत वीस मिनिटे उभी करावी. कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक पत्रा कोणी काढून टाकला आहे का, हेही पाहावे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या खराब होतात, त्यामुळे त्या इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्यांनी बदलणे हा खर्च टाळू नये.

होडी आवळून बांधणे

पट्टे जितके घट्ट तितके चांगले, हा समज होडीच्या मुळावर येतो. फायबरची होडी उन्हात तापलेली असताना रॅचेटचा पट्टा ताकदीने आवळला तर तिचा तळ टेकूच्या जागी दबतो, आणि पडलेला खोलगट खड्डा पुढे पाण्यात वेग खातो. भार तळावर न येता कडांवर पेलला जाईल असे टेकू द्यावेत, पट्ट्याखाली जाड पट्टी घालावी आणि पहिल्या पाच-सहा किलोमीटरनंतर थांबून ताण पुन्हा पाहावा. लेझरची डोलकाठी दोन तुकड्यांची असल्याने ती होडीच्या लांबीतच मावते. एंटरप्राइजसारख्या होडीची एकसंध डोलकाठी मागे बाहेर येते, तिच्या टोकाला लाल कापड बांधावे.

ट्रेलरला मारुती ८०० ची १२ इंची चाके लावावीत असे मी आग्रहाने सुचवतो. त्यांचे टायर तालुक्याच्या गावी मिळतात, मोपेडच्या आकाराच्या नाजूक चाकांचे तसे नाही. जादा चाक आणि ट्रेलरखाली जाईल असा जॅक बरोबर हवाच.

पाण्याकाठच्या चुका

धरणाच्या पाण्यात होडी उतरवण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते आणि तोतलाडोहसारखा जलाशय व्याघ्र प्रकल्पात असेल तर वनविभागाचे नियम लागू होतात. त्याबरोबरच तेथील मच्छीमार संस्थेलाही आधी भेटावे. ढिवर बांधवांची जाळी कोठे लावली आहेत आणि कोणत्या बाजूला कठीण मुरूम आहे, हे त्यांच्याइतके नेमके कोणीही सांगू शकणार नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाडी पाण्यापर्यंत नेणे. पाणी उतरलेल्या जागी वरून वाळलेली, भेगाळलेली काळी माती दिसते आणि तिच्याखाली गुडघाभर गाळ असतो. जमिनीपासून वीतभरही उंच नसलेली ही गाडी त्यात पोटावर बसली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरचा नाडा घाईत ज्या भागाला बांधला जातो तो भाग ओढ सहन करेलच असे नाही. हिवाळ्यानंतर याच पट्ट्यात गाळपेर होते, म्हणजे चाकाखाली कोणाचे तरी पीक येते. गाडी पांदण रस्त्याच्या पक्क्या भागावरच उभी करावी, चाकांमागे दगड लावावेत, आणि होडी हातगाडीवर उतरवून पुढचे अंतर दोघांनी ढकलत न्यावी. होडी हलकी आहे. तिचा खरा फायदा येथे घ्यायचा असतो. ट्रेलर मागे घेताना तो चटकन दुमडत असेल तर क्लच जाळत बसू नये. सपाट जागी तो सोडवून हातानेच वळवावा.

डोलकाठी उभी करण्याआधी प्रत्येकाने मान वर करून पाहिलेच पाहिजे. जलाशयातून पाणी उचलणाऱ्या शेतपंपांसाठी काठापर्यंत वीजवाहिन्या आलेल्या असतात आणि काळ्या मातीत खांब कलल्यामुळे तारा लोंबत असतात. लेझरची उभी डोलकाठी सुमारे ६ मीटर उंच आणि ॲल्युमिनियमची असते. ११ केव्हीच्या तारेला ती टेकण्याचीही गरज नाही, फार जवळ गेली तरी जीव जाऊ शकतो. डोलकाठी पाण्याच्या कडेशी, तारांपासून पूर्ण मोकळ्या जागी गेल्यावरच उभी करावी आणि परतताना ती आडवी केल्याशिवाय हातगाडी एक पाऊलही वर आणू नये. या नियमाला अपवाद नाही.

रस्त्याचा ट्रेलर पाण्यात घालायचा नाही, हे वर आलेच. तरीही तो घालावा लागला तर चाके थंड होईपर्यंत अर्धा तास थांबावे, कारण तापलेला हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. परतीच्या वाटेवर पहिल्या थांब्याला दोन्ही हबना हात लावून पाहावा; एक कोमट आणि दुसरा चटका देणारा लागला तर त्या बेअरिंगवर पुढे जाऊ नये. घरी आल्यावर टोपण काढून ग्रीस पाहावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि बेअरिंग धुऊन, सुकवून, नवे ग्रीस भरून आणि सील बदलूनच ट्रेलर पुन्हा रस्त्यावर काढावा.