सीट बेल्ट आणि एअरबॅग : या चुका टाळा

मोटार शिकवण्याच्या धंद्यात मला १९ वर्षे झाली आणि क्लच कसा सोडावा यापेक्षा पट्टा का लावावा हे गळी उतरवणे अधिक अवघड जाते, असा माझा अनुभव आहे. ‘सर, एअरबॅग आहेत की’ हे उत्तर मला आता पाठ झाले आहे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत एअरबॅगच्या यंत्रणेला ‘एसआरएस’ (सप्लिमेंटल रिस्ट्रेंट सिस्टीम) म्हणतात आणि त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘पूरक’ असा आहे. पूरक कशाला, तर पट्ट्याला. धडक बसताच एअरबॅग साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत, फुगते आणि लगेच रिकामी होऊ लागते. पट्ट्याने धरलेला माणूस फुगलेल्या पिशवीवर टेकतो. पट्टा नसलेला माणूस मात्र ती फुगत असतानाच तिच्यावर आदळतो आणि वाचवणाऱ्या वस्तूचाच मार खातो.

सर्वांत चीड आणणारी चूक म्हणजे पट्टा न लावल्यावर वाजणारी बीप बंद करण्यासाठी बकलमध्ये, म्हणजे पट्टा अडकवायच्या खाचेत, खोचायची दीडदमडीची क्लिप. पाच सेकंदांचे काम टाळण्यासाठी गाडीला फसवण्याची ही हुशारी मला कधीच समजली नाही. विद्यार्थ्यांकडून काढून घेतलेल्या अशा क्लिपा मी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. डबा भरत आला आहे.

दुसरी चूक मागच्या सीटची, आणि ती माझ्या घरातलीच आहे. काही वर्षांपूर्वी साडूंच्या नव्या गाडीतून आम्ही साताऱ्याला निघालो होतो. मी मागे बसल्यावर बकल शोधू लागलो, तर सीट कव्हर बसवणाऱ्याने तिन्ही बकले गादीखाली दाबून टाकलेली. ‘अहो, मागे कशाला हवाय पट्टा?’ असे साडू म्हणाले आणि मीही, लोकांना शिकवणारा माणूस, संकोचाने गप्प बसलो. शिरवळच्या अलीकडे पुढचा टेम्पो एकाएकी थांबला, साडूंनी ब्रेक दाबला, गाडी कुठेही धडकली नाही; तरी माझ्या शेजारी बसलेल्या मावशी पुढच्या सीटच्या पाठीवर आपटल्या आणि त्यांच्या नाकाचे हाड मोडले. त्या दिवशी इस्पितळाच्या आवारात मी गादी उचलून, बोटे सोलून घेत ती बकले बाहेर काढली. आता कोणाच्याही गाडीत मागे बसलो की बकल हाती लागेपर्यंत गाडी हलू देत नाही. माणसे हसतात, हसू देत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागेच बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागच्या प्रवाशालाही पट्टा सक्तीचा आहे आणि तो न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, हे त्यानंतर अनेकांना प्रथमच कळले.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून जायला हवा. गरोदर स्त्रीने तो पोटाच्या खालून घ्यावा. वरचा भाग काखेतून घेऊ नये. मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नये, आणि चालू एअरबॅगसमोर मागे तोंड करून ठेवलेली बाळाची सीट तर कधीच लावू नये. डॅशबोर्डवर पाय ठेवू नयेत. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर शिवलेले घट्ट कव्हर घालू नये. स्टिअरिंगच्या मध्यापासून छाती किमान २५ सेंटिमीटर दूर असावी; मी वीत टाकून मोजतो.

राहिला डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर बऱ्याचदा सीटखाली साफसफाई करताना पिवळ्या वायरचा जोड हललेला असतो. पण तो स्वतः उपसू नये, कंपनीच्या वर्कशॉपमध्येच दाखवावा. जुनी गाडी घेताना मात्र उलट बाजू पाहावी : दिवा मुळीच लागत नसेल, तर बिघाड लपवण्यासाठी कोणी तो काढून टाकलेला असू शकतो. अशा गाडीचा सौदा मी तिथेच सोडतो, भाव कितीही उतरवला तरी.