या चुका टाळा : आतड्यातले जीवाणू, सप्लिमेंट आणि हृदय

‘हृदयासाठी उत्तम’ असं लिहिलेली कॅप्सूल गिळली की ती थेट हृदयाकडे जात नाही. आधी ती पोहोचते आतड्यात, आणि तिथे अब्जावधी जीवाणू कामाला बसलेले असतात. काही घटक ते खाऊन टाकतात, काहींचं भलतंच रसायन करून ठेवतात, आणि मग उरलंसुरलं रक्तात जातं. सप्लिमेंट घेताना होणाऱ्या बऱ्याच चुका हा मधला मुक्काम लक्षात न घेतल्यामुळे होतात.

कार्निटिन आणि कोलीन ‘घेतलं तर बिघडतं काय’ म्हणून घेणं

एल-कार्निटिन व्यायामासाठी घेतलं जातं, कोलीन स्मरणशक्तीसाठी. आतड्यातले काही जीवाणू या दोन्हींपासून ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात. ते यकृतात गेलं की त्याचं टीएमएओ (ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड) हे रसायन होतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने 2011 पासून याचा माग काढला आहे. 2013 साली त्यांनी अँजिओग्राफी झालेल्या 4007 रुग्णांची तीन वर्षांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांच्या रक्तात टीएमएओ जास्त, त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळलं.

पुढे 2017 मध्ये याच संस्थेत 18 निरोगी लोकांना दोन महिने रोज सुमारे 450 मिलिग्रॅम कोलीन दिलं गेलं. त्यांचं टीएमएओ दहा पटींहून जास्त वाढलं आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्तीही वाढली. या गटात शाकाहारी लोकही होते. एरवी त्यांच्यात टीएमएओ कमी बनतं, पण रोजच्या गोळीपुढे तो फायदा टिकला नाही.

याचा अर्थ कोलीन असलेली अंडी सोडा असा नव्हे. कोलीन शरीराला लागतंच, आणि 2021 च्या एका छोट्या प्रयोगात रोज चार अंडी खाऊनही टीएमएओ वाढलं नाही. कोलीन बायटारट्रेटच्या गोळीने मात्र वाढलं. टीएमएओ हेच गुन्हेगार आहे, असंही ठामपणे म्हणता येत नाही. माशांत ते आयतंच असतं, आणि मूत्रपिंड नीट चालत नसेल तरीही रक्तात साचतं. पण कसलीही कमतरता नसताना, कुणी लिहून दिलेलं नसताना ही गोळी महिनोन्महिने घेण्यात शहाणपण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना डॉक्टरांनी कमतरतेसाठी कार्निटिन दिलं आहे, त्यांनी मात्र ते परस्पर बंद करू नये.

प्रोबायोटिकच्या डब्यावरचा आकडा पाहून खरेदी करणं

प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणूंचं सप्लिमेंट. त्यावरच्या ‘इतके अब्ज जीवाणू’ या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. पाहायचा असतो तो स्ट्रेन, म्हणजे जातीच्या नावापुढचा कोड. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी एनसीआयएमबी 30242 या स्ट्रेनने नऊ आठवड्यांत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) सुमारे 11 टक्क्यांनी कमी केल्याची नोंद आहे. दुसऱ्या कोडचा रॉयटेरी तेच करेल असं गृहीत धरू नका. शिवाय कोलेस्टेरॉल घटणं आणि हार्ट अटॅक टळणं, यांतलं दुसरं अजून दाखवलं गेलेलं नाही. डब्यावर कोडच नसेल तर तो परत ठेवा.

अँटिबायोटिकचा कोर्स संपला की लगेच प्रोबायोटिक सुरू करायचं, ही सवयही सरसकट बरी नाही. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या 2018 च्या अभ्यासात प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळ जीवाणू परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हे डबे उघडूच नयेत.

स्टॅटिनच्या जागी ‘नैसर्गिक’ काहीतरी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 2022 च्या एका चाचणीत रोझुव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या) 5 मिलिग्रॅम या छोट्या डोससमोर फिश ऑइल, लसूण, दालचिनी, हळद, प्लांट स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस (लाल यीस्टने आंबवलेला तांदूळ) अशी सहा सप्लिमेंट ठेवली गेली. 28 दिवसांत स्टॅटिनने एलडीएल सुमारे 38 टक्के उतरवलं. सहांपैकी एकानेही प्लॅसिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) तुलनेत एलडीएल लक्षणीय कमी केलं नाही.

रेड यीस्ट राइसबद्दल आणखी सांगायला हवं. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच. ते किती आहे हे डब्यागणिक बदलतं, आणि काही डब्यांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही सापडलं आहे. स्टॅटिन चालू असताना ते घेतलं आणि मांड्या-पिंढऱ्या दुखू लागल्या किंवा लघवी गडद झाली, तर दुखण्याची गोळी घेऊन दिवस काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चालू औषधांचा विचार न करणं

एगर्थेला लेंटा नावाचा जीवाणू डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध आतड्यातच निकामी करू शकतो. अशा रुग्णाने अँटिबायोटिक घेतलं की जीवाणू मरतात, आणि नेहमीचाच डोस अचानक जास्त होतो. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या वॉरफेरिनचंही तसंच. ते व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करतं, त्यामुळे के असलेली मल्टिव्हिटॅमिन मध्येच सुरू किंवा बंद केली की आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) हलतो. भेटीला जाताना डबेच सोबत न्या. नावं आठवून सांगताना एखादं हमखास राहतं.

फायबर एकदम वाढवणं

विरघळणाऱ्या फायबरचा पुरावा खरोखर चांगला आहे. ओट्स, जव, इसबगोल यांतलं फायबर पित्ताम्लांना अडकवून बाहेर नेतं, मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. जीवाणूही त्यातल्या बऱ्याच फायबरपासून ब्यूटिरेटसारखी उपयोगी आम्लं बनवतात. पण पहिल्याच दिवशी पूर्ण डोस घेतला की पोट फुगतं आणि माणूस आठवड्यात ते सोडून देतो. पाव डोसपासून सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्या. हार्ट फेल्युअरमुळे पाण्यावर मर्यादा असेल तर आधी विचारा. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत साधारण दोन तासांचं अंतर ठेवा.

नवीन काहीही एका वेळी एकच सुरू करा, नाहीतर त्रास कशाने झाला ते शोधता येत नाही. फिश ऑइलच्या मोठ्या डोसने एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा) धोका वाढतो, म्हणून ते सुरू केल्यावर धडधड जाणवली तर ईसीजी काढा.

आणि पोट फुगण्याची सवय झाली म्हणून छातीतलं दुखणंही गॅसवर ढकलू नका. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, दम लागणं, यांतलं काहीही असलं तर अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहत बसू नका. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.