वॉकीटॉकीच्या माइकची केबल कशी बदलावी

बटण दाबल्यावर लाल दिवा लागतो, पण पलीकडे आवाज तुटक पोहोचतो आणि केबल जरा वाकवली की पुन्हा नीट ऐकू येतो. असे होत असेल तर सेट सहसा ठणठणीत असतो, खांद्यावरच्या माइकची वेटोळी केबल आतून तुटलेली असते. ती बहुधा दोन्ही टोकांशी तुटते, कारण सगळा ताण तिथेच येतो.

आधी खात्री करा. त्याच मॉडेलचा दुसरा, चालू माइक लावून पाहा. तरीही खरखर आली तर दोष सेटच्या जॅकमध्ये (माइकची पिन बसते त्या भोकात) असू शकतो, केबल बदलून काही होणार नाही. बटण सोडल्यावरही सेट प्रक्षेपण करत राहिला, तर मात्र माइक लगेच काढून ठेवा. पीटीटीच्या, म्हणजे दाबून बोलायच्या बटणाच्या, तारा एकमेकींना चिकटल्या असण्याची शक्यता आहे. तेवढा वेळ त्या चॅनलवर बाकी कोणालाच बोलता येत नाही, आणि त्यात एखाद्याची मदतीची हाकही दबू शकते.

नवी केबल घेताना पिनेच्या आकारावर जाऊ नका. केनवुड आणि आयकॉम या दोन्ही कंपन्यांच्या अनेक हँडसेटना ३.५ आणि २.५ मिलिमीटरच्या दोन पिना लागतात, पण केनवुडमध्ये स्पीकर २.५ च्या पिनेवर असतो, तर आयकॉममध्ये ३.५ च्या. गाडीतल्या सेटच्या आठ पिनांच्या माइकचेही तसेच: कंपनीगणिक जोडणी वेगळी, आणि एखाद्या पिनेवर माइकसाठी वीजपुरवठाही असतो. चुकीची तार तिथे लागली तर सेटचे नुकसान होऊ शकते. म्हणून केबल मॉडेलचे नाव पाहूनच घ्या. माइकच्या तारेभोवती धातूची जाळी असलेलीच निवडा. माइकचा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो आणि शेजारी अँटेना काही वॉट ऊर्जा फेकत असतो. जाळी नसेल तर ती ऊर्जा तारेत शिरते आणि बोलताना गुणगुण ऐकू येते.

आता सेट बंद करा, बॅटरी काढा, माइक उघडा आणि काहीही सोडवण्याआधी आतल्या जोडणीचा स्पष्ट फोटो घ्या. यापुढचे काम सर्वांत महत्त्वाचे. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून नव्या केबलची प्रत्येक तार पिनेच्या कोणत्या भागाशी जुळते ते तपासा आणि कागदावर लिहा. जुन्या केबलचेही तसेच करा. तुटलेली तार केबल हलवताना मधूनच बीप देते. रंगांवर विसंबू नका. जुन्या केबलमध्ये लाल तार माइकची असेल आणि नव्या केबलमध्ये तीच स्पीकरची.

आता जुन्या तारा सोडवून नव्या तारा नोंदीप्रमाणे त्यांच्या जागी जोडायच्या. सोल्डर करण्याआधी हीट श्रिंक नळी (उष्णतेने आकसून जोड झाकणारी) तारेवर सरकवून ठेवा, नंतर ती घालता येत नाही. सोल्डरिंग आयर्न साधारण ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा आणि तारेच्या टोकाला दोन-तीन सेकंदच टेकवा, नाहीतर तारेचे आवरण वितळेल. काही केबलमध्ये धाग्याभोवती गुंडाळलेली पातळ तांब्याची पट्टी असते. ती नुसत्या उष्णतेने सोल्डर घेत नाही, आधी फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारा लेप) लावावे लागते. केबल बाहेर जाते तिथली पकड घट्ट बसवा, म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही.

माइक बंद करण्यापूर्वी, सेटला न जोडता, पीटीटीच्या दोन तारांवर मीटर लावा. बटण दाबल्यावरच बीप यावी, सोडताच थांबावी. काही माइकमध्ये बटणाच्या मार्गात रोधक असतो. तिथे बीप न येता किलोओहममध्ये आकडा दिसतो.

सगळे बरोबर असेल तर बॅटरी लावा, कमी शक्तीवर आणि मोकळ्या चॅनलवर थोडक्यात बोला. पलीकडच्याला आवाज कसा येतो ते विचारा, बोलताना केबल हलवत राहा, आणि बटण सोडताच दिवा विझतो का ते प्रत्येक वेळी पाहा.