दिव्यांगांचं सरकारी अनुदान पुरत नाही, तर पुण्यात राहून काय काय करता येतं

माझी मुलगी २२ वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, आम्ही धनकवडीत राहतो. ओळखीतून पालकांचे सारखे फोन येतात की ताई पैसे कुठून मिळतील, म्हणून सगळं एकदा सलग लिहून काढतेय.

आधी सरळ सांगते. कुठल्याही एका योजनेत घर भागत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २५०० रुपये आहेत, त्याआधी १५०० होते. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिन्याला ३०० आहे, तोही ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तरच, आणि हा ३०० चा आकडा २०१२ पासून हललेला नाही. पुण्यात दिवसभर सांभाळायला मावशी ठेवायची म्हटलं तर पगार कितीवर जातो ते तुम्हाला माहितीय. मग एकाच खिडकीवर जीव काढण्यापेक्षा खर्चाचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा कुणावर टाकता येतो ते बघायचं. आणि जे कुठेच बसत नाही, ते लेखी मागायचं.

सुरुवात वहीपासून. दोन-तीन महिने रोजचा खर्च लिहा, फक्त दिव्यांगत्वामुळे होतो तेवढाच. थेरपी, औषधं, डायपर, रिक्षा, स्प्लिंट आणि बूट, मावशीचा पगार, शाळेची किंवा वर्कशॉपची फी, आणि घरातल्या एकाने नोकरी सोडली असेल तर तो बुडालेला पगारसुद्धा. बहुतेक घरांत थेरपीचा आकडा तोंडपाठ असतो पण रिक्षाचा नसतो, आणि बेरीज केली की रिक्षा थेरपीच्या बरोबरीला येते. हा हिशोब पुढे तीन ठिकाणी लागतो: ट्रस्टकडे मदत मागताना, नगरसेवकाला किंवा आमदाराला पत्र देताना आणि दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करताना. नुसतं "परवडत नाही" लिहिलेल्या अर्जापेक्षा आकडे असलेला अर्ज जास्त वाचला जातो, हे मी बघितलंय.

मग कागद. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर बाकीचं सगळं थांबवून आधी ते करा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग तपासणीला जायचं. ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं कमला नेहरू आणि पिंपरीकडच्यांना वायसीएम रुग्णालय, इथे हे काम होतं. याला फी नाही, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. ४० टक्के ही बहुतेक योजनांची दारातली पायरी आहे, त्यामुळे टक्केवारी कमी लागली आणि ती चुकीची वाटत असेल तर गप्प बसू नका, कायद्यात प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधी फक्त ७ होते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी, अॅसिड हल्ल्यातल्या व्यक्ती, हे सगळे आता यात येतात आणि अजूनही कितीतरी घरांना हे माहीत नाही.

कार्डाबरोबर एक फाईल करा: आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, बँक पासबुक, फोटो. सगळ्यांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का बघा, एका कागदावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नाही एवढ्यावरून अर्ज मागे येतो. बँक खातं आधारला जोडलेलं हवं कारण पैसे आता डीबीटीने, म्हणजे थेट खात्यात, येतात. आणि कुठलाही कागद दिला की पोच घ्यायची, आवक नंबर आणि शिक्का मारलेली. पोच नाही म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा.

संजय गांधीचा अर्ज तहसीलला जातो. तुमचा पत्ता पुणे शहर तालुक्यात येतो की हवेलीत हे आधी विचारून घ्या, नाहीतर चुकीच्या ऑफिसात अख्खा दिवस जातो. ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत ही अट आहे. म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. पुण्यात धुणीभांडी करणारी बाईसुद्धा या अटीतून बाहेर पडते, आणि मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं. पण खोटा दाखला काढायच्या भानगडीत पडू नका, नंतर वसुली निघू शकते. अटीत बसत असाल तर अर्ज करा आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका, पैसे अचानक बंद झाल्याची निम्मी प्रकरणं तिथेच अडकलेली असतात असा माझा अनुभव आहे.

उत्पन्नाच्या अटीत न बसणाऱ्यांनी काय करायचं, तर महापालिका. राज्यातल्या प्रत्येक महापालिकेने, नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा शासनाचा आदेश आहे, पूर्वी हे ३ टक्के होतं. पुणे महापालिकेत हे काम समाज विकास विभागाकडे आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये मोरवाडीला दिव्यांग भवन आहे. योजना आणि रकमा वर्षावर्षाला बदलतात, म्हणून दरवर्षी एप्रिलनंतर नवी यादी मागून घ्या, गेल्या वर्षीच्या झेरॉक्सवर जाऊ नका. शहराच्या हद्दीबाहेर राहत असाल तर हाच ५ टक्के ग्रामपंचायतीकडे मागायचा, ग्रामसभेत उठून विचारायचा.

आता वाचणारे पैसे. याकडे लोक फारसं बघत नाहीत, पण हातात येणारे २५०० आणि खिशातून न जाणारे २५०० सारखेच. पगारातून प्रोफेशनल टॅक्स कापला जातो ना, वर्षाला २५००, तो दिव्यांग व्यक्तीला आणि दिव्यांग मुलाच्या पालकाला माफ आहे. ऑफिसच्या अकाउंट्सला प्रमाणपत्राची प्रत देऊन लेखी सांगायचं, कितीतरी एचआरवाल्यांना स्वतःला हे माहीत नसतं. इन्कम टॅक्समध्ये ८० डीडी म्हणून जी वजावट ओळखली जाते ती ७५,००० ची आहे आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० ची, आणि ही ठोक रक्कम आहे, खर्च किती झाला त्यावर ती ठरत नाही. पण ती जुन्या कररचनेतच मिळते, म्हणून दोन्हीकडून हिशोब करून मगच निवडा.

प्रवासाचं पटकन सांगते. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पीएमपीच्या मोफत पाससाठी महापालिकेत अर्ज करायचा, रेल्वेत ठरावीक प्रकारच्या दिव्यांगत्वाला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे आणि सोबतच्या माणसालाही, त्यासाठी रेल्वेचं वेगळं कार्ड ऑनलाइन काढावं लागतं.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा काढाच. वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीसुद्धा त्यात येते, जे नेहमीच्या मेडिक्लेममध्ये सहसा नसतं. आधी खर्च करून मग बिलं लावायची असतात म्हणून फिजिओकडून प्रत्येक वेळी शिक्क्याची पावती घ्या, महिन्याचं एकत्र नंतर बघू असं करू नका. दरवर्षी नूतनीकरण लागतं. मोठं ऑपरेशन असेल तर राज्याची महात्मा फुले आरोग्य योजना आहेच, आणि ती जिथे चालत नाही तिथे हॉस्पिटल धर्मादाय आहे का विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. भरती व्हायच्या आधीच तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन बसा, डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवर हे होत नाही.

एक गोष्ट खूप कळकळीने सांगते. घरात कुणी सरकारी नोकर असेल किंवा पेन्शनर असतील, तर कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आईवडिलांच्या मागे तहहयात फॅमिली पेन्शन मिळू शकते. पण त्याचं नाव आणि दिव्यांगत्व रेकॉर्डवर आईवडील हयात असतानाच लावून घ्या. मागे राहिलेल्या भावंडांनी हे करायचं म्हटलं तर वर्षानुवर्षं जातात. खाजगी नोकरीत पीएफ कापला जात असेल तर ईपीएस ९५ या पीएफच्या पेन्शन योजनेतही कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग मुलाला वयाची अट न ठेवता पेन्शनची तरतूद आहे. आणि मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वाचं बघा, निरामयसाठी सांगितले त्याच चार प्रकारांसाठी ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे होतं. बँका अडवतात तेव्हा हाच कागद चालतो.

साहित्य. व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची सीपी चेअर हे केंद्राच्या एडिप योजनेत मिळतं, महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत आणि ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. शिबिरात मिळते म्हणून अंगाला न बसणारी खुर्ची घरी आणू नका, आपल्या फिजिओकडून मापं लिहून न्या, कारण एकदा साहित्य घेतलं की तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. कृत्रिम पायासाठी साधू वासवानी मिशनमध्ये विचारा, तिथे मोफत बसवतात. थोड्या दिवसांपुरतं हवं असेल तर पेठांमधल्या आणि उपनगरांतल्या कितीतरी मंडळांकडे, ट्रस्टकडे रुग्णसाहित्य डिपॉझिटवर मिळतं, एअरबेड, वॉकर, कमोड खुर्ची, विकत घेऊच नका. गणपती मंडळाला मोठी वस्तू मागायची असेल तर उत्सवाच्या दोन महिने आधी पत्र द्या, तेव्हा त्यांचा सामाजिक खर्च ठरत असतो.

थेरपीचा खर्च मात्र कुठलीच योजना पूर्ण उचलत नाही. सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, सोडू नका, लवकर तपासून लगेच थेरपी सुरू करणं तिथे मोफत आहे आणि ती वर्षं परत येत नाहीत. मोठ्यांसाठी फिजिओथेरपी आणि स्पीच शिकवणाऱ्या कॉलेजांच्या ओपीडी बघा, खाजगीपेक्षा फी बरीच कमी असते. आणि थेरपिस्टला स्पष्ट सांगा की आम्हाला आठवड्याला तीन सेशन झेपत नाहीत, घरी करायचा प्रोग्राम लिहून द्या आणि महिन्यातून एकदा तपासा. चांगला थेरपिस्ट हे आनंदाने करतो. सोसायटीत, वस्तीत दोन-तीन घरं असतील तर मावशी आणि रिक्षा वाटून घ्या.

शाळेचं म्हणाल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता आणि मुलींना महिन्याला २०० रुपये असे दहा महिने मिळतात. मुख्याध्यापकांना लेखी विचारा, आपोआप येत नाही.

एवढं करूनही खड्डा राहतोच. मग मागायचं. पहिलं हत्यार माहिती अधिकार, फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, म्हणून असा सुटसुटीत लिहा: "गेल्या तीन आर्थिक वर्षांत दिव्यांग कल्याणासाठीच्या ५ टक्के निधीत किती तरतूद झाली, प्रत्यक्ष किती खर्च झाला, कोणत्या योजनेवर किती, आणि अखर्चित रक्कम कुठे वर्ग केली, याची वर्षनिहाय माहिती द्यावी." ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. उत्तर हातात आलं की वाद भावनेचा राहत नाही. पैसे शिल्लक असतील तर तुमची मागणी नाकारणं फार अवघड जातं.

दुसरं, राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच, कॅम्पात चर्च रोडला आहे. गडचिरोलीच्या आईबापांना जिथे यायला रात्रभर प्रवास करावा लागतो ते आपल्याला बसने जाता येतं, त्याचा उपयोग करा. २०१६ च्या कायद्याखाली लेखी तक्रार द्या, आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित विभागाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलंय की इतरांच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांची मदत किमान २५ टक्के जास्त असावी. अर्जात हे कलम नंबरासकट लिहा. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा, लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिनही आहे, त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

आणि बजेट. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना मागवते, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, साधारण पावसाळ्याच्या शेवटी. रॅम्प, बागेतलं टॉयलेट, फूटपाथचा उतार यासाठी तो भरा, एकेकट्याने नको, दहा घरांनी एकच काम लिहून भरा. मासिक मदत वाढवायची मागणी मात्र त्यात बसत नाही, ती महापालिका आयुक्त पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडायच्या आधी, डिसेंबरच्या आत वेगळ्या पत्राने द्यायची. सोबत तुमच्या वहीतला हिशोब आणि माहिती अधिकारातलं उत्तर लावा, एक प्रत समाज विकास विभागाला, एक नगरसेवकाला, दोन्हीकडची पोच फाईलला.