ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: आधी शोधा, मग आवळा

खोकताना, शिंकताना किंवा विहिरीवरून भरलेली कळशी उचलताना लघवीचे थेंब निसटणे हे बाळंतपणानंतर चालायचेच, असे आमच्या कोकणात बायका एकमेकींना सांगतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखे तोलणारे स्नायू सैल पडल्याने बहुधा हा त्रास होतो आणि व्यायामाने तो पुष्कळ कमी करता येतो.

हे स्नायू आवळण्याच्या व्यायामासाठी आधी लघवी करून यावे आणि गुडघे दुमडून उताणे पडावे.

खरे अवघड काम योग्य स्नायू सापडण्याचे आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी दोन महिने नेमाने हा व्यायाम केला, तरी काडीचा फरक पडला नाही, कारण आत ओढण्याऐवजी मी कुंथत होते, म्हणजे आधीच खचलेल्या तळावर आणखी भार टाकत होते. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण मागची वाट जशी आवळतो तशी ती आवळावी, ती पकड पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणावी आणि मग विहिरीतून पोहरा शेंदावा तसे सगळे आत आणि वर ओढावे. आरशात पाहिल्यास योनी आणि गुदद्वार यांमधला भाग आत गेलेला दिसला पाहिजे; तो बाहेर फुगत असेल, तर तेथेच थांबावे. लघवी मध्येच रोखून रोज सराव करण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही, कारण त्याने मूत्राशय पुरते रिकामे न होण्याची सवय लागू शकते. हा व्यायाम १९४८ साली रूढ करणाऱ्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनीही पकड बरोबर आहे की नाही हे बाईला कळावे म्हणून दाब मोजणारे उपकरण वापरले होते. नुसते ‘आवळा’ म्हणणारे नेमके हेच विसरतात. मांड्या आणि नितंब सैल ठेवावेत आणि आकडे मोठ्याने मोजावेत, म्हणजे श्वास कोंडला जात नाही.

पाच सेकंद धरावे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. पुढे हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे आणि शेवटी दहा झटपट आकुंचने करावीत. फरक जाणवायला साधारण तीन महिने लागतात. पकड जमली की खोकला येण्याआधी किंवा कळशी उचलण्याआधी ती क्षणभर आवळून धरावी.

ओटीपोटात किंवा संबंधांच्या वेळी दुखत असेल, लघवी सुटायला वेळ लागत असेल, तर स्नायू सैल नसून ताठरलेले असू शकतात. अशा वेळी आवळणे थांबवून फिजिओथेरपिस्टकडे जावे, आणि अंग बाहेर येत असल्यास, म्हणजे गर्भाशय योनीत खाली उतरत असल्यास, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.